कुंडी केवढी, खत किती: जिवंत मातीतल्या गच्चीबागेचा हिशेब

गच्चीवर भाजीपाला लावणारे बहुतेक जण कुंडी आधी विकत आणतात आणि खताचा विचार रोप पिवळे पडू लागल्यावर करतात. वास्तविक हे दोन निर्णय वेगळे नाहीत. ज्या मातीत जिवाणू, बुरशी, गांडुळे आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव नांदत असतात, त्या मातीत आपण झाडाला थेट अन्न भरवत नाही; आपण त्या जीवांना अन्न देतो आणि त्यांच्या व्यवहारातून जे सुटे होते ते झाडाची मुळे उचलतात. या व्यवस्थेला किमान जागा लागते, सावली लागते आणि सतत टिकणारा ओलावा लागतो. कुंडी लहान झाली की ही व्यवस्था अपुरी पडते आणि तिचे उरलेले काम आपल्या अंगावर येते. म्हणून कुंडीचा आकार ठरवताना आपण खरे तर एवढेच ठरवत असतो की पुढचे चार-पाच महिने झाडाला माती पोसणार आहे की आपण.

महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून पालापाचोळा, ऊन आणि मुळे यांच्या हिशेबावर उभी असलेली शेती लोकांना शिकवली, आणि मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडे वापरून गच्चीवर पिके घेण्याची पद्धत रूढ केली. या दोघांच्या कामातून गच्चीबाग करणाऱ्याने उचलण्यासारखी गोष्ट एकच आहे: विकतच्या खतापेक्षा कुजलेला काडीकचरा हा मातीचा खरा पाया आहे.

आकार इंचांत नव्हे, लिटरमध्ये मोजावा

नर्सरीत कुंडी ‘दहा इंची’, ‘बारा इंची’ म्हणून मिळते, आणि हे माप फसवे असते. वरचा व्यास १२ इंच, तळाचा ९ इंच आणि उंची ११ इंच अशा निमुळत्या कुंडीत काठोकाठ सुमारे साडेपंधरा लिटर माती मावते. वर पाणी आणि आच्छादनासाठी (मातीवर पसरायच्या पालापाचोळ्यासाठी) दीड इंच मोकळे सोडले, की प्रत्यक्ष माती १३ लिटरच्या आसपासच उरते. याउलट १२ इंच व्यासाच्या आणि तेवढ्याच उंचीच्या सरळ भिंतीच्या ग्रो बॅगेत काठोकाठ सुमारे २२ लिटर माती बसते. म्हणजे नाव एक, पण मातीत जवळजवळ दीडपटीचा फरक. दुकानात गणित करत बसण्यापेक्षा घरी असलेली २० लिटरची रंगाची बादली नजरेसमोर ठेवावी आणि समोरचे भांडे तिच्या किती पट आहे याचा अंदाज घ्यावा. हा अंदाज सहसा चुकत नाही.

माझ्या मते जिवंत मातीसाठी २० लिटर हा उंबरठा मानावा. त्याखाली काही उगवत नाही असे नाही. पुदिना, तुळस, कांद्याची पात पाच-सात लिटरमध्येही आनंदाने वाढतात. पण २० लिटरच्या खाली मातीचे तापमान आणि ओलावा दिवसभरात इतके वर-खाली होतात, की सकाळी वाफशावर असलेली माती दुपारी तीनला कोरडी ठणठणीत झालेली असते. वाफसा म्हणजे मातीत पाणीही आहे आणि हवाही आहे अशी अवस्था, आणि मातीतले जीव काम करतात ते याच अवस्थेत. माती वारंवार सुकली की ते सुप्तावस्थेत जातात किंवा मरतात, आणि मग त्या मातीत कितीही शेणखत घातले तरी ते तसेच पडून राहते. गांडुळांची गरज तर आणखी मोठी असते. ४०-५० लिटरच्या, वर आच्छादन असलेल्या कुंडीत ती वर्षानुवर्षे राहतात, पण उन्हात तापणाऱ्या काळ्या पिशवीत सोडलेली गांडुळे मे महिना पाहत नाहीत.

खोलीचा प्रश्न थोडा वेगळा आहे, आणि त्याविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी यांचा जाड थर दिल्याने निचरा चांगला होतो, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. प्रत्यक्षात पाणी बारीक कणांच्या मातीतून मोठ्या पोकळ्यांच्या खडीत सहजासहजी उतरत नाही. माती पूर्ण भिजेपर्यंत ते खडीच्या वरच अडून राहते. कोणत्याही कुंडीच्या तळाशी दोन-तीन इंचांचा थर पाणी दिल्यानंतर चिंब राहतोच, आणि त्या थराची उंची मिश्रणाच्या भुसभुशीतपणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. खडी घातल्याने तो चिंब थर मुळांच्या अधिक जवळ येतो आणि वर मातीचीही जागा कमी होते. भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळीचा तुकडा पुरे. यातूनच हेही समजते की सहा इंच खोलीच्या ट्रेमध्ये निम्मी माती नेहमी ओलीगच्च का असते, आणि १५ इंच खोलीच्या कुंडीत तीच माती मोकळी का राहते. उथळ भांडे घ्यायचेच असेल तर मिश्रण जास्त भरड ठेवावे.

पिकानुसार आकार ठरवताना मुळांचा स्वभाव आणि पीक किती दिवस उभे राहणार, या दोन गोष्टी पाहाव्यात. मेथी आणि कोथिंबीर महिना-दीड महिन्यात निघून जातात, त्यांना खोली सहा ते आठ इंच चालते, मात्र पसरट जागा हवी. भाजीचा जुना क्रेट आतून शेडनेट किंवा गोणपाट लावून वापरला तर उत्तम काम देतो. मिरची आणि वांगे यांना प्रत्येकी २० ते २५ लिटर द्यावेत, कारण ही झाडे आठ-दहा महिने फळत राहू शकतात. भेंडीचे सोटमूळ खोल जाते, म्हणून किमान १२ इंच खोली पाहावी आणि तिचे बी थेट जागेवरच टोकावे. टोमॅटोला २५ लिटरमध्ये भागवता येते, पण जिवंत मातीवरच विसंबायचे असेल तर ४० लिटर द्यावेत. त्याचे कारण पुढे आकड्यांत मांडले आहे. दुधी, दोडका, कारले यांच्या वेलांना ५० लिटरपेक्षा कमी देऊ नये. त्यांच्या रुंद पानांतून उन्हाळ्यात इतके पाणी उडते की लहान कुंडीत दिवसातून दोनदा पाणी घालूनही वेल दुपारी माना टाकतात. हळद आणि आले यांना खोलीपेक्षा रुंदी महत्त्वाची, कारण गड्डे आडवे पसरतात. कागदी लिंबू, डाळिंब, अंजीर यांच्यासाठी २०० लिटरचा ड्रम मधोमध कापून मिळणारा १०० लिटरचा अर्धा भाग ही व्यवहार्य सोय आहे. फक्त त्या ड्रममध्ये पूर्वी काय साठवले होते याची खात्री करून घ्यावी आणि रसायनांचा ड्रम कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

मोठी कुंडी घ्यावी असे म्हणताना गच्चीच्या वजनाचा विचार टाळता येत नाही. भारतीय मानकाप्रमाणे, जिथे माणसांची ये-जा अपेक्षित आहे अशी सपाट गच्ची साधारणपणे चौरस मीटरला १५० किलोच्या भारासाठी आखली जाते. ओले मिश्रण लिटरला एक किलोच्या आसपास भरते, आणि नुसती माती असेल तर दीड किलोच्याही पुढे जाते. म्हणजे संपूर्ण गच्चीवर सरसकट एक फूट जाडीचा वाफा केला, तर हलक्या मिश्रणानेही चौरस मीटरला ३०० किलो होतात, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. म्हणून मोठे ड्रम तुळया आणि खांबांच्या वर, कठड्याच्या कडेने ठेवावेत, मधला भाग हलक्या कुंड्यांसाठी राखावा, आणि जुन्या इमारतीत किंवा ड्रमची रांग लावायची असेल तर आधी स्थापत्य अभियंत्याला जागा दाखवावी. कुंड्या विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवल्या की गच्चीच्या गिलाव्याला ओल धरत नाही आणि तळाच्या भोकाला हवा मिळते.

मिश्रण आणि ते मुरवण्याची गरज

बागेची माती, कुजलेले खत आणि माती मोकळी ठेवणारा हलका पदार्थ, हे तिन्ही आकारमानाने सारखे घेतले की गच्चीसाठी चांगले मिश्रण होते. खत म्हणजे पूर्ण कुजलेले शेणखत किंवा घरचे कंपोस्ट. त्यातला काही भाग गांडूळखत असावा, पण सगळे खत गांडूळखतच घेतले तर ते दोन-तीन महिन्यांत दाबून बसते. हलका पदार्थ म्हणजे धुतलेले कोकोपीट, भाताचे तूस किंवा विटांची भरड. कोकोपीट न धुता वापरू नये, कारण त्यात क्षार असतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर तूस सहज आणि स्वस्त मिळते, आणि तेही हळू कुजते, म्हणून मला तेच अधिक पसंत आहे.

मातीचा भाग तुमच्या गावावर ठरतो. देशावरची काळी माती चिकट असते, सुकली की भेगाळते आणि तिचा सामू (पीएच) साधारण साडेसात ते साडेआठ असतो. ती एक चतुर्थांशापेक्षा जास्त घेऊ नये. कोकणातली जांभी माती आम्लधर्मी असते आणि अन्नद्रव्ये कमी धरून ठेवते, म्हणून तिच्यात कंपोस्टचे प्रमाण वाढवावे. हा फरक पुढे खत देतानाही लक्षात ठेवावा लागतो. चुलीची राख पालाश (पोटॅश) आणि चुना दोन्ही देते; कोकणातल्या लाल मातीत २० लिटरला मूठभर राख हितकारक ठरते, पण पुण्या-सोलापूरकडे, जिथे माती विम्लधर्मी (आम्लधर्मीच्या उलट, अल्कधर्मी) आणि त्यात बोअरचे पाणी जड, तिथे तीच राख लोह आणि जस्त मुळांना मिळू देत नाही. हाडांच्या चुऱ्याचीही तीच कथा आहे: त्यातले स्फुरद (फॉस्फरस) आम्लधर्मी मातीत हळूहळू सुटते, विम्लधर्मी मातीत मात्र ते बरेचसे अडकूनच राहते. एका गावचा नुस्खा दुसऱ्या गावी जसाच्या तसा चालत नाही, त्यामागचे कारण बहुधा हेच असते.

मिश्रण तयार झाल्यावर त्यात २० लिटरला सुमारे १०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळावी, हाताने दाबल्यावर लाडू वळेल पण पाणी गळणार नाही इतपत ओले करावे, आणि झाकून दोन ते तीन आठवडे मुरू द्यावे. घाई करून त्याच दिवशी रोप लावणारे फार आहेत. पेंड कुजताना सुरुवातीला उष्णता आणि अमोनिया सुटतो, आणि त्यात कोवळी मुळे होरपळतात. मुरलेल्या मातीला पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा वास येतो. तो आला की माती लागवडीला तयार झाली असे समजावे.

न कुजलेला काडीकचरा मिश्रणात मिसळण्याची चूक मीही केली आहे. पहिल्या वर्षी रसवंतीवरून आणलेली ताजी चिपाडे बारीक करून मी थेट मातीत मिसळली आणि महिनाभरात वांग्याची सगळी रोपे फिकी पिवळी पडली. चिपाडांत कर्ब (कार्बन) नत्राच्या (नायट्रोजनच्या) शंभर पटींहून अधिक असतो, आणि कंपोस्ट नीट होण्यासाठी हे प्रमाण पंचवीस-तीसास एक असावे लागते. कर्ब इतका जास्त मिळाला की जिवाणू तो पचवण्यासाठी मातीतले सगळे नत्र स्वतःकडे ओढून घेतात, आणि झाड उपाशी राहते. तीच चिपाडे मातीवर आच्छादन म्हणून पसरली तर हा त्रास होत नाही, कारण कुजण्याची क्रिया फक्त वरच्या पातळ थरात चालते. वाळकी पाने, चिपाडे, नारळाचा काथ्या हे सगळे मातीच्या वर असावे, आणि मातीच्या आत फक्त कुजून काळे-तपकिरी झालेलेच जावे.

एका टोमॅटोच्या झाडाचा हिशेब

आता आकार आणि खत यांची गाठ आकड्यांत पाहू. एक टन टोमॅटो पिकवण्यासाठी झाडे जमिनीतून साधारण अडीच ते तीन किलो नत्र उचलतात. म्हणजे गच्चीवरच्या एका झाडाने तीन किलो फळे द्यावीत अशी अपेक्षा असेल, तर त्याला सुमारे ८ ते ९ ग्रॅम नत्र लागेल. २० लिटरच्या कुंडीत एक तृतीयांश शेणखत म्हणजे अंदाजे साडेतीन ते पावणेचार किलो खत झाले. चांगल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का असते, तेव्हा कुंडीत एकूण १८ ग्रॅमच्या आसपास नत्र आहे. पण ते सगळे सेंद्रिय रूपात बांधलेले असते आणि पहिल्या हंगामात त्यातले जेमतेम एक तृतीयांश, म्हणजे ६ ग्रॅम, सुटे होते. तूट दोन-तीन ग्रॅमची राहते. निंबोळी पेंडीत नत्र पाच टक्क्यांच्या आसपास असते. मिश्रण मुरवताना घातलेल्या १०० ग्रॅम पेंडीतून हंगामभरात साधारण अडीच-तीन ग्रॅम मिळतात आणि तोंडमिळवणी होते, तीही काठावरच. पाणी जास्त होऊन थोडे नत्र वाहून गेले, किंवा माती चार दिवस कोरडी पडली, की ही तोंडमिळवणी मोडते, आणि मग दर पंधरवड्याला वरून काही ना काही द्यावे लागते.

हेच झाड ४० लिटरमध्ये लावले तर शेणखतातूनच १२ ग्रॅम नत्र सुटते. पेंड घातली नाही तरी चालते, चार दिवस बाहेरगावी गेलात तरी चालते, आणि मातीत पुढच्या पिकासाठी शिल्लकही उरते. १० लिटरच्या कुंडीत मात्र माती स्वतः तीनच ग्रॅम देऊ शकते. उरलेले दोन तृतीयांश अन्न तुम्हाला हाताने पुरवायचे आहे. हे आकडे ढोबळ आहेत, खताच्या प्रतीनुसार ते बदलतील, पण त्यांची दिशा बदलत नाही.

इथे जीवामृताविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण त्याच्याकडून अवास्तव अपेक्षा ठेवल्या जातात. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांच्या पद्धतीत एका एकरासाठी २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर बांधावरची माती असे प्रमाण आहे. गच्चीसाठी ते १० लिटर पाणी, अर्धा किलो शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ आणि १०० ग्रॅम बेसन असे घ्यावे, सावलीत ४८ तास ठेवावे आणि दिवसातून दोन वेळा काठीने ढवळावे. वापरताना एक भाग जीवामृत दहा भाग पाण्यात मिसळून ओल्या मातीवर ओतावे. नगरपालिकेच्या नळाचे पाणी असेल तर ते रात्रभर उघड्या बादलीत ठेवून मग वापरावे, म्हणजे त्यातला क्लोरीन निघून जातो. जीवामृतात अन्नद्रव्ये फार थोडी असतात. ते विरजणासारखे आहे. दूधच नसेल तर विरजणाने दही लागत नाही, आणि मातीत कुजलेला पालापाचोळा नसेल तर जीवामृत घालूनही काही हाती लागत नाही. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर-पालकाच्या पानांवर ते शिंपडू नये, कारण ताज्या शेणातले जंतू पोटात जाऊ शकतात.

मायकोरायझाची पावडर घेण्याआधीही एक गोष्ट माहीत असावी. ही उपयुक्त बुरशी टोमॅटो, मिरची, लिंबू, घेवडा यांच्या मुळांशी नाते जोडते, पण कोबी, मोहरी, मुळा यांच्याशी आणि पालक-राजगिऱ्याच्या कुळाशी सहसा जोडत नाही. त्या पिकांसाठी ती विकत घेणे व्यर्थ आहे.

कधी आणि किती द्यावे

२० ते २५ लिटरच्या कुंडीत, लागवडीनंतर पहिला महिना काहीही देऊ नये. नंतर दर तीन आठवड्यांनी आच्छादन बाजूला सारून दोन मुठी गांडूळखत पसरावे, पुन्हा झाकावे आणि पाणी द्यावे. फुले दिसू लागली की ५० ग्रॅम निंबोळी किंवा शेंगदाणा पेंड, आदल्या दिवशी पाण्यात भिजवून आणि नंतर दहापट पातळ करून द्यावी. शेंगदाणा पेंडीत नत्र सात टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे ती निंबोळीपेक्षा कमीच घ्यावी, आणि उंदरांचा उपद्रव असेल तर वापरूच नये. ४० लिटरच्या पुढच्या कुंडीत महिना-दीड महिन्याने कंपोस्टचा एक इंच थर वर दिला की पुरते. १० लिटरच्या कुंडीला मात्र थोडे-थोडे आणि वारंवार द्यावे लागते, कारण तिथे एकदम जास्त दिले की मुळांना पळायला जागा नसते.

स्वयंपाकघरातला ओला कचरा थेट कुंडीत पुरण्याची पद्धत फक्त मोठ्या कुंडीत वापरावी. ५० लिटरच्या ड्रममध्ये कडेला, आठवड्याला दोन मुठी, बारीक चिरून आणि चार इंच खोल पुरला तर गांडुळे तो पंधरा दिवसांत संपवतात. लहान कुंडीत तोच कचरा तापतो, आंबतो आणि चिलटांना बोलावतो. मीठ घातलेले उरलेले अन्न कोणत्याच कुंडीत जाऊ नये. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी खुशाल घालावे. चहाचा चोथा साखर धुऊन घालावा. अंड्याच्या टरफलांचा मात्र देशावरच्या विम्लधर्मी मातीत फारसा उपयोग होत नाही, कारण तिथे ती विरघळतच नाहीत.

ऋतूप्रमाणे हे वेळापत्रक हलते. कोकणात आषाढ-श्रावणात इतके पाणी कुंडीतून वाहते की द्रवरूप खत दिले तर ते दुसऱ्या सरीबरोबर गच्चीच्या पन्हळीतून निघून जाते. त्या दिवसांत फक्त वरून कंपोस्टचा थर द्यावा, कुंड्यांखालच्या बशा काढून ठेवाव्यात आणि गोगलगायी वाढू नयेत म्हणून आच्छादन पातळ करावे. थंडीत नाशिक किंवा नागपूरकडे रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली गेले की मातीतले जीव मंदावतात आणि पेंड कुजायला दुप्पट वेळ लागतो, म्हणून तिथे हिवाळी पिकांचे खत दिवाळीच्या आधीच मातीत गेलेले बरे. विदर्भाच्या उन्हाळ्यात खतापेक्षा सावली महत्त्वाची. काळ्या पिशवीच्या पश्चिमेच्या अंगाची माती दुपारी चाळिशी ओलांडते आणि त्या बाजूची मुळे मरतात. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात, बाहेरच्या रांगेला गोणपाट गुंडाळावे आणि आच्छादन तीन इंच जाड ठेवावे. एप्रिल-मेमध्ये पेंड देऊच नये.

लक्षणे वाचताना होणारी गल्लत

टोमॅटोच्या फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडला की चुना द्या, असा सल्ला लगेच मिळतो. डाग कॅल्शियमच्या अभावाचाच असतो, पण मातीत कॅल्शियम बहुधा भरपूर असते. ते फळापर्यंत पोचत नाही, कारण ते पाण्याबरोबरच वर चढते आणि पाणी कधी आहे, कधी नाही अशी अवस्था असते. हा लहान कुंडीचा आजार आहे. त्यावर खत नव्हे, तर मोठी कुंडी, जाड आच्छादन आणि ठरावीक वेळी पाणी, एवढाच उपाय आहे. खालची, जुनी पाने एकसारखी पिवळी होत असतील तर ती नत्राची उणीव समजावी आणि पेंडीचे पाणी द्यावे. शेंड्याची नवी पाने पिवळी पण शिरा हिरव्या, असे दिसले तर लोह मिळत नाही. त्याचे कारण जड पाणी, राख किंवा सतत चिंब राहिलेली माती यांपैकी एक असते, आणि त्या वेळी आणखी शेणखत घातल्याने काही सुधारत नाही. पाने गर्द काळपट हिरवी, मऊ आणि मावा सतत येतो, फुले मात्र नाहीत, असे झाड जास्त नत्रावर वाढलेले असते. त्याला महिनाभर काहीच देऊ नये. मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी साय जमली असेल तर क्षार साठले आहेत असे समजून एकदा भरपूर पाणी देऊन ते खालून वाहून जाऊ द्यावेत. हे पाणी पावसाचे असेल तर सर्वांत उत्तम.

पीक निघाल्यावर

जिवंत माती दर हंगामाला ओतून टाकायची नसते. पीक संपले की झाड उपटण्याऐवजी मातीलगत कापावे आणि मुळे आतच कुजू द्यावीत. ती कुजल्यावर उरणाऱ्या पोकळ्या पुढच्या पिकाच्या मुळांना वाट करून देतात. याला एक अपवाद आहे. वांगे-टोमॅटोच्या मुळांवर गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमींचा (मातीतल्या अतिसूक्ष्म जंतांचा) प्रादुर्भाव असतो, तेव्हा मुळे काळजीपूर्वक काढून कुंडीबाहेर न्यावीत, त्या मातीत एक हंगाम झेंडू लावावा आणि वांगे, टोमॅटो, भेंडी तिथे वर्षभर घेऊ नयेत. सेंद्रिय भाग कुजत गेल्यामुळे कुंडीतली माती वर्षाला दोन-तीन इंच खाली बसते. ही घट म्हणजे झाडाने आणि जीवांनी खाल्लेले अन्नच आहे, आणि तेवढीच भर कंपोस्टने घालावी. नवी माती घालू नये, अन्यथा कुंडी दरवर्षी जड होत जाते. टोमॅटोनंतर चवळी किंवा घेवडा घेतला तर शेंगवर्गीय पिकाच्या मुळांवरचे जिवाणू हवेतले नत्र बांधतात, आणि शेंगा तोडल्यावर वेल तिथेच कापून आच्छादन म्हणून टाकता येतो.

अर्ध्या ड्रममधल्या लिंबाला ही सोय नाही, कारण ते झाड हलत नाही. तिथे दर पावसाळ्याच्या तोंडाशी वरची तीन इंच माती खुरप्याने अलगद काढून तिच्या जागी शेणखत, पाव किलो निंबोळी पेंड आणि गांडूळखत भरावे. दोन-तीन वर्षांनी पाणी घातले तरी ते कडेकडेने लगेच खाली निघून जाऊ लागले, तर मुळांचा गुंता ड्रमच्या भिंतीला टेकला आहे असे समजावे. अशा वेळी बहर नसताना, ढगाळ दिवशी, झाडाच्या एकाच अंगाने भिंतीलगतची चार इंच रुंद माती पहारीने खोल काढावी, त्यात आलेली बारीक मुळे कात्रीने स्वच्छ छाटावीत आणि ती फट मुरलेल्या नव्या मिश्रणाने भरून पाणी द्यावे. दुसरे अंग पुढच्या वर्षासाठी ठेवावे. जेवढी मुळे छाटली साधारण तेवढ्याच प्रमाणात वरच्या फांद्याही हलक्या कराव्यात, आणि त्यानंतर सहा आठवडे त्या झाडाला पाण्याखेरीज काहीही देऊ नये.